क्लच बदलल्यानंतरचा आवाज: इनपुट शाफ्टचा की रिलीज बेअरिंगचा?

ट्रकचा क्लच घरी बदलल्यावर आवाज येऊ लागला, तर गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून, इंजिन चालू ठेवून पेडल दाबून आणि सोडून पाहावे. पेडल सोडलेले असताना येणारी घरघर ते पूर्ण दाबल्यावर थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची गती क्लचमार्गे गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर जातो, कारण पेडल दाबल्यावर तो शाफ्ट मंदावून थांबतो. मात्र काम करताना सांडलेले गिअर ऑइल पुन्हा भरायचे राहिले नाही ना, हे आधी तपासावे, कारण ही चूक वाटते त्यापेक्षा सहज होते. याउलट पेडल दाबतानाच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचवर दाब देऊन तो सोडवणारे), क्वचित पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टच्या इंजिनाकडील टोकाला आधार देणारे), दोषी असण्याची शक्यता अधिक असते. दुसऱ्या दोषासाठी गिअरबॉक्स केवळ उतरवावा लागतो, पहिल्यासाठी बहुधा उघडावाही लागतो.