केस चांगले कापतात ते आहेच, पण इथली माणसं टिकतात

डोंबिवली पूर्वेला सलूनची काय कमी आहे का, मानपाडा रोडने चालत गेलं तर दर चार दुकानांनंतर एक काचेचा दरवाजा आणि त्यावर कुठल्यातरी हिरोइनीचे उडते केस. त्यामुळे 'अजून एक चांगलं सलून' एवढंच सांगायचं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. कटिंग छान, कलर नीट बसतो, टॉवेल धुतलेले असतात, झालं, दोन ओळींत संपलं असतं. पण मी इथे रूट टचअपला, म्हणजे मुळाशी वाढलेले पांढरे केस रंगवायला, यायला लागल्यापासून माणसं तीच आहेत हो! तोच सिनियर दादा, त्याच दोघी मुली, आणि एक मुलगा जो केस झाडायला आणि चहा आणायला म्हणून लागला होता तो आता माझ्या लेकाचे केस कापतो. "ती आधीची मुलगी सोडून गेली मॅडम, आता मी करते" हे वाक्य ज्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल मी काय म्हणतेय ते.

याआधी मी एका चकचकीत एसी सलूनमध्ये जायचे, नाव लिहीत नाही. तिथे प्रत्येकाला स्वतःचं टार्गेट. एका मुलीने मला हळूच सांगितलं होतं की पगाराच्या चौपट धंदा करून दिला तरच इन्सेंटिव्ह चालू होतो, त्याच्या खाली काही नाही. मग काय, खुर्चीत बसल्या बसल्या सुरू, केस फार ड्राय झालेत मॅडम, स्पा घ्या, स्काल्पला ट्रीटमेंट लागेल, हा शॅम्पू घेऊन जा. त्यात त्या मुलीचा दोष मी धरत नाही, तिलाही घरभाडं आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा की तिथे कोणी कोणाला काही सांगायचंच नाही. माझ्या कलरचा फॉर्म्युला तिच्या डोक्यात, कारण दुसरीला कळला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार. ती एकदा सुट्टीवर होती, दुसऱ्या मुलाने कलरमध्ये अंदाजपंचे ३० व्हॉल्युमचं, म्हणजे जास्त कडक, डेव्हलपर मिसळून लावलं आणि मुळं नारिंगी, खाली केस काळे. ऑफिसात आठवडाभर अंबाडा घालून फिरले मी.

इथे काउंटरवर एक साधी फाईल आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड, त्यावर सगळं हाताने लिहिलेलं. माझ्या कार्डावर शेडचे नंबर, डेव्हलपर, वेळ सगळं, 'अर्धं ५.३, अर्धं ५.०, २० व्हॉल्युम, ३५ मिनिटं, कानशिलाला पांढरे जास्त, आधी तिथे लावणे' असं आहे. शेवटचं वाक्य तर माझ्या नवऱ्यालाही माहीत नसेल. आता कोणीही असलं तरी माझं काम अडत नाही. आणि कार्ड काढून बघायला कोणाला कमीपणा वाटत नाही, हे मला जास्त आवडलं. सिनियर दादासुद्धा बघतो.

हे कसं जमतं ते मी मालकीणबाईंना सरळ विचारलं, कलर लावून बसल्यावर दुसरं करणार काय माणूस. सगळे त्यांना ताई म्हणतात, मी पण म्हणते. त्यांचा हिशोब असा आहे की टार्गेट आहे, ते नसेल तर दुकान चालणार नाही, पण ते सगळ्या दुकानाचं मिळून आहे. महिन्याचा आकडा पार झाला की वरच्यातला हिस्सा सगळ्यांना, सिनियरला जास्त, हेल्परला कमी, पण हेल्परला मिळतोच. टिपचाही तसाच डबा. काउंटरवर स्टीलचा डबा ठेवलाय, वर भोक पाडलंय, शनिवारी रात्री उघडतात आणि वाटतात. मला आधी हे खटकलं होतं, मला ज्या मुलीला द्यायचे तिलाच द्यायचे ना. तर ती मुलगीच म्हणाली, "काकू, डोकं त्याने धुतलं, मी फक्त कापलं, डब्यातच टाका." आता काय बोलणार.

डोकं धुण्यावरून आठवलं. सलूनमध्ये सगळ्यात खालच्या माणसाच्या गळ्यात शॅम्पू मारतात, दिवसभर पाणी, शॅम्पू, कलरचं पाणी, आणि हाताची सालं निघतात. बोटांच्या बेचक्यांत लाल चिरा पडतात, खाज येते. हे दुखणं या धंद्यात सर्रास आहे, कित्येक जण त्यापायी काम सोडतात. इथल्या त्या हेल्पर मुलाचे हात सुरुवातीला असेच झाले होते. आता बेसिनजवळ नायट्राइल ग्लोव्हजचा खोका असतो आणि कलर धुताना ग्लोव्हज घालायचेच, आणि शॅम्पूची पाळी लावलीय, सिनियर दादाचीही पाळी येते. खुर्च्यांच्या मागे जमिनीवर जाड रबरी मॅट टाकल्यात, दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात म्हणून. मुलींसाठी एक उंच स्टूल आहे, लहान मुलांचे केस कापताना बसून कापायला. हे असलं फोटोत दिसत नाही आणि म्हणून कोणी रिव्ह्यूत लिहीत नाही.

बरं, आता एक प्रसंग सांगते. मागच्या पावसाळ्यात माझा कलर लागलेला, बाजूच्या खुर्चीत एक कॉलेजची मुलगी फ्रिंज, म्हणजे कपाळावर येणारे केस, कापायला. ज्युनियर मुलगी कापत होती. ओले केस ताणून धरून कापले की वाळल्यावर वर जातात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी होतं ते. ड्रायर फिरवल्यावर फ्रिंज भुवयांच्या पार वर, अर्ध्या कपाळावर. मुलगी रडायला आली, तिची आई तोफखाना घेऊन उभी. मी मनात म्हटलं आता या पोरीची धुलाई होणार सगळ्यांदेखत. आधीच्या सलूनमध्ये तसंच व्हायचं, मॅनेजर गिऱ्हाइकासमोर स्टाफला झापायचा, म्हणजे गिऱ्हाइकाचं समाधान. इथे ताई आल्या, ज्युनियरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या "तू माझ्याकडे ते मोठं क्लिप घेऊन ये," म्हणजे तिला तिथून काढलं फक्त. सिनियर दादा हातातलं काम थांबवून आला, त्याच्या खुर्चीतले काका पण काही बोलले नाहीत, आणि त्याने बाजूचे केस हलके करून फ्रिंज त्यात मिसळवून घेतली, चेहऱ्याला बरी दिसेल अशी केली. ताई त्या आईला म्हणाल्या, "आमच्याकडून लहान झालंय, पैसे घेत नाही, वाढेपर्यंत शेप द्यायला या, त्याचेही नाही घेणार." 'आमच्याकडून' म्हणाल्या, 'हिच्याकडून' नाही. आई पूर्ण खूश नव्हती, का असेल, पण आवाज खाली आला.

आणि नंतर ती ज्युनियर आत पडद्यामागे गेली, दुसरी मुलगी तिच्यामागे पाण्याचा ग्लास घेऊन गेली. दहा मिनिटांनी ती बाहेर आली आणि माझाच कलर धुवायला उभी राहिली, हात जरा थरथरत होते. तिचे पैसे कापले का हो, मी नंतर ताईंना विचारलं. तर म्हणे पैसे कापले की पोरं चूक लपवायला शिकतात. मंगळवारी दुपारी तिला डमीवर पाच फ्रिंज कापायला लावल्या, कोरड्या केसांवर.

हो, मंगळवारचं सांगायचं राहिलंच. सोमवारी दुकान बंद असतं, आणि मंगळवारी आपल्याकडे निम्मी माणसं केस कापत नाहीत, म्हणून त्या दुपारी हे लोक प्रॅक्टिस करतात. डमीची डोकी टेबलाला क्लॅम्प लावून बसवतात आणि सिनियर दादा शिकवतो. दादा मूळचा लातूरकडचा, घरचाच धंदा, वडील गावात वस्तरा-कात्री घेऊन बसायचे, तो लेडीज कटिंग मुंबईत येऊन शिकला. असे हाताने तयार झालेले लोक सहसा कला देत नाहीत, पोरगं तयार झालं की समोर दुकान टाकणार ही भीती असते आणि ती खोटी पण नाही. इथे शिकवण्याचे त्याला वेगळे पैसे मिळतात, पगारात धरलेले. हे साधं आहे पण कितीजण देतात? तुम्हाला हिंमत असेल तर मंगळवारी ज्युनियरकडून फुकट कापून घेऊ शकता, दादा मागे उभा असतो. माझ्या लेकाने घेतले, चांगले कापले, वेळ मात्र दुप्पट लागला.

आणि सोडून कोणी जातच नाही असं नाही हं. एक मुलगी गेली, कल्याणला स्वतःचं पार्लर टाकलं. ताईंनी तिला जुनी ट्रॉली आणि एक खुर्ची दिली आणि कल्याणकडच्या ज्या बायका तिच्याकडून करून घ्यायच्या त्यांना स्वतःहून तिचा नंबर दिला. दिवाळीत ती तिचं दुकान आवरून रात्री इकडे हात द्यायला येते असं ऐकलंय.

दिवाळीच्या आदल्या रात्रीचं तर काय सांगू. पहाटे अख्खी डोंबिवली नटूनथटून दिवाळी साजरी करायला फडके रोडला जाणार, त्यामुळे रात्री सलूनमध्ये लग्नघर. गेल्या वर्षी मी साडेदहाला गेले तर आत बसायला जागा नाही, पण कोणी कोणावर खेकसत नव्हतं. एकजण ब्लो ड्राय करतोय, दुसरी न सांगता क्लिपा हातात देतेय. साडेआठला सगळ्यांनी पाळीपाळीने जेवून घेतलं होतं, डबे ताईंच्या घरून. आणि रात्री उशीर झाला की बदलापूरच्या मुलीला आणि टिटवाळ्याच्या मुलाला शेवटच्या लोकलच्या भरवशावर सोडत नाहीत, रिक्षाचे पैसे दुकानाचे. रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा उलटं, जो डोंबिवलीत राहतो तो दुकान उघडतो आणि बाकीचे पोचेपर्यंत अपॉइंटमेंटा मागेपुढे करतो. उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस मांडत नाहीत. रेल्वेने ब्लॉक घेतला त्यात पोराचा काय दोष.

कोरोनात पण कोणाला काढलं नाही म्हणे. मार्च २०२० ला शटर खाली, मग सरकारने २८ जूनपासून परवानगी दिली ती पण फक्त कटिंग, डाय, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यालाच, दाढीसुद्धा नाही, आणि जुलै लागतो न लागतो तोच कल्याण-डोंबिवलीत परत कडक लॉकडाउन. ताईंनी दागिना ठेवून अर्धा पगार चालू ठेवला असं दादाने सांगितलं, ताई स्वतः यावर काही बोलत नाहीत. तेव्हा घेतलेली उचल काहींनी अजून फेडलेली नाही, त्यावरून त्यांच्यात चेष्टा चालते.

आता तक्रारी, कारण मी काही त्यांची नातेवाईक नाही. एक, पार्किंग शून्य, स्कूटर लावायची तर दोन गल्ल्या लांब. दोन, दुपारी जेवणाच्या पाळ्या असतात त्यात एकच माणूस काम करतो, वॉक-इन गेलात तर बसवून ठेवतील, आणि ताई यात अजिबात ऐकत नाहीत, मी एकदा ओळखीने घुसायचा प्रयत्न केला, जमला नाही. तीन, गाणी. ज्याची पाळी असेल तो लावतो आणि बुधवारी जो कोण असतो त्याला कोणीतरी हेडफोन घेऊन द्या. चार, त्यांचं 'नाही' म्हणणं काही लोकांना आवडणार नाही. माझ्यासमोर एक बाई परवाच्या लग्नासाठी पहिल्यांदाच काळा डाय करायला आल्या होत्या. ज्युनियर मुलगी म्हणाली आज कानामागे पॅच टेस्ट करू, ४८ तास बघू, मग लावू. काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, एखाद्याला अॅलर्जी असली तर तोंड, डोळे सुजतात, त्यामुळे तिचं बरोबरच होतं. बाईंनी मालकिणीला बोलवा म्हणून आवाज चढवला. ताई म्हणाल्या, "ती सांगतेय तेच मी सांगेन, आज हवं तर कटिंग करून देते." बाई निघून गेल्या. गिऱ्हाईक गेल्याचं कोणी त्या मुलीला ऐकवलं नाही.

रेट सांगते, लेडीज हेअरकट ४५०, रूट टचअप ९००, जेन्ट्सचं २००. स्टेशनजवळच्या स्वस्त पार्लरपेक्षा जास्त, ब्रँडवाल्यांपेक्षा बरंच कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला तेव्हा यांचं बिल खरंच थोडं उतरलं, पूर्ण १३ टक्के नाही, कारण दुकानाने मालावर भरलेल्या टॅक्सची वजावट (क्रेडिट) आता मिळत नाही असं ताईंनी न विचारता समजावलं.

पाचपैकी चार स्टार, अर्धा पार्किंगचा कापला, अर्धा बुधवारच्या गाण्यांचा. शनिवार-रविवार हवा असेल तर गुरुवारपर्यंत फोन करून ठेवा, आणि पहिल्यांदाच कलर करणार असाल तर पॅच टेस्टसाठी दोन दिवस हातात ठेवून जा, नाहीतर तुम्हालाही परत पाठवतील.