जळगाव–मुंबई : अंतर खरं, विमानवेळ फसवी

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारी मोफत संकेतस्थळं बरीच आहेत. जळगाव–मुंबई मार्गावर ती ताडून पाहिली, तर अंतराला पाचपैकी साडेचार गुण द्यावेत आणि वेळेला जेमतेम दोन.

जळगावचा कुसुंब्याचा विमानतळ ते मुंबईचा विमानतळ, सरळ रेषेत सुमारे ३५५ किलोमीटर. कुणी विमानतळ धरतं, कुणी शहराचा मध्य. त्यामुळे थोडं इकडेतिकडे होणारच. २२१ दिसलं तर ते मैल, १९२ दिसलं तर सागरी मैल. रेल्वेने हेच अंतर ४२० किलोमीटर भरतं, कारण रूळ मनमाड-नाशिकवरून येऊन कसारा घाट उतरतात. एक चूक हमखास होते : यादीतून बुलढाण्याचं जळगाव जामोद निवडलं जातं आणि अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटरने फुगतं. जिल्हा बघूनच निवडा.

वेळेचं गणित मात्र कच्चं आहे. बहुतेक ठिकाणी अंतराला जेट विमानाच्या ताशी ८००-९०० किलोमीटर वेगाने भागतात आणि वर अर्धा तास जोडतात. उत्तर येतं ५५ मिनिटं. पण जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची, मोठ्या जेट विमानांना तोकडी. इथल्या प्रवासी सेवेत एटीआर ७२ सारखी पंख्याची विमानं असतात आणि त्यांचा वेग ताशी ५०० च्या आसपास. म्हणजे नुसत्या अंतराचीच ४३ मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना रांगेत येणं यांची २५-३० मिनिटं धरा. सव्वा तासाच्या आत-बाहेर हा खरा आकडा, आणि मुंबईवर गर्दी असली तर घिरट्या वेगळ्या.

सगळ्यात खटकणारी गोष्ट धुळे–मुंबई टाकल्यावर दिसते. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवरून प्रवासी विमानसेवा नाही, नंदुरबारला तर विमानतळच नाही. तरी दोन्हीकडची ‘विमानवेळ’ बिनदिक्कत दाखवली जाते. तिथे सेवाच नाही, एवढं एक वाक्य लिहायला हवं.

घर ते मुक्काम असा हिशेब हाताने मांडावा. जळगावात घरून विमानतळ अर्धा तास, उड्डाणाआधी दीड तास, विमानात सव्वा तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा, तिथून फोर्टपर्यंत तास-दीड तास. झाले पाच तास. दिवसाच्या रेल्वेला साधारण सात लागतात, वाचले दोन. रात्री अमरावती–मुंबई एक्स्प्रेसमध्ये झोपून सकाळी सीएसएमटीला उतरणाऱ्याचा दिवसाचा एकही तास जात नाही, म्हणून फोर्टात काम असेल तर रेल्वेच बरी. काम अंधेरी-विलेपार्ल्यात असेल तर विमान सरस.

पुण्याचं उलट आहे. हवाई अंतर जेमतेम ३२० किलोमीटर, पण रस्त्याने छत्रपती संभाजीनगर-अहिल्यानगरवरून ३९० च्या पुढे आणि रात्रभर बस. विमानाचा खरा फायदा याच मार्गावर आहे.

तिकिटाआधी विमान कोणत्या वारी आहे ते कंपनीच्या वेळापत्रकात पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या उडान योजनेत (छोट्या शहरांसाठीची स्वस्त विमानसेवा) सुरू झालेली जळगाव–मुंबई सेवा पुढे बंद पडली होती, आणि अंतर मोजणाऱ्या पानांवर अशी गोष्ट कधीच दिसत नाही.