जावाचे व्हर्च्युअल थ्रेड: घ्यावेत, पण शक्यतो जेडीके २५ वर

सर्व्हरचा बहुतेक वेळ डेटाबेसच्या किंवा दुसऱ्या एपीआयच्या उत्तराची वाट बघण्यात जात असेल, तर व्हर्च्युअल थ्रेड जरूर वापरावेत. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा कामाचा धागा, आणि व्हर्च्युअल थ्रेड म्हणजे जावा स्वतः सांभाळतं तो हलका धागा. एन्क्रिप्शन, इमेजवरची प्रक्रिया, मोठे हिशेब असलं काम असेल तर यातून काही हाती लागत नाही. तिथे प्रोसेसरचे जितके कोअर साधारण तितकेच थ्रेड, हे जुनं गणित अजून बरोबर आहे.

जावाचा नेहमीचा थ्रेड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचाच थ्रेड. ६४ बिट लिनक्सवर त्याच्या स्टॅकसाठी (चालू फंक्शनांची नोंद ठेवणाऱ्या मेमरीसाठी) १ एमबी पत्ताजागा राखून ठेवली जाते, म्हणून त्यांची संख्या आवरावी लागते. टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरची मर्यादा मुळात २०० थ्रेडची आहे. प्रत्येक रिक्वेस्ट १ सेकंद वाट बघत असेल, तर सेकंदाला २०० च्या वर रिक्वेस्ट निघत नाहीत आणि सीपीयू मात्र रिकामा बसलेला असतो. व्हर्च्युअल थ्रेडचा स्टॅक हीपवर, म्हणजे जावाच्या सामायिक मेमरीत राहतो. सॉकेटवर (नेटवर्क जोडणीवर) किंवा लॉकवर (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपावर) थांबायची वेळ आली की जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं यंत्र, त्याला खालच्या कॅरियर थ्रेडवरून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या खऱ्या थ्रेडवरून) उतरवतं आणि दुसऱ्याला चढवतं. कॅरियर मुळात कोअरइतकेच असतात. खरा फायदा वाचनीयतेचा आहे: कोड सरळ ओळीमागून ओळ लिहायचा, कॉलबॅकच्या (काम झाल्यावर बोलावायच्या फंक्शनांच्या) साखळ्या नाहीत, आणि चूक झाली तर स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठून आली त्याचा माग, माणसाला वाचता येईल असा मिळतो.

जोडणी सोपी आहे. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कची ३.२ किंवा पुढची आवृत्ती आणि जावा २१ असेल तर स्प्रिंग.थ्रेड्स.व्हर्च्युअल.एनेबल्ड ही सेटिंग ट्रू करायची, झालं. हे थ्रेड नेहमी डीमन, म्हणजे अॅप्लिकेशनला चालू न ठेवणारे असतात, त्यामुळे फक्त ठरावीक वेळी चालणारी कामं असलेलं अॅप्लिकेशन सुरू होऊन लगेच बंद पडू शकतं. त्यासाठी स्प्रिंग.मेन.कीप-अलाइव्ह ट्रू ठेवावं. स्प्रिंग नसेल तर प्रत्येक कामाला नवा व्हर्च्युअल थ्रेड देणारा एक्झिक्युटर (कामं थ्रेडना वाटणारी वस्तू) ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये, म्हणजे शेवटी तो आपोआप बंद करणाऱ्या ब्लॉकमध्ये उघडावा. ब्लॉक संपताना तो सगळी कामं पुरी होईपर्यंत थांबतो. सबमिट केल्यावर फ्यूचरवर (कामाचा निकाल नंतर देणाऱ्या वस्तूवर) गेट बोलावलं नाही, तर कामातलं एक्सेप्शन गुपचूप गिळलं जातं. हा जुनाच दोष आहे आणि इथेही तसाच आहे.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे सवयीने व्हर्च्युअल थ्रेडचा पूल (पुन्हा पुन्हा वापरायचा साठा) करणं. हे थ्रेड वापरून टाकून द्यायचे असतात. मर्यादा घालायची तर ती थ्रेडवर न घालता त्या संसाधनावर घालावी: सेमाफोर (ठरावीक संख्येलाच आत सोडणारा पहारेकरी) घ्यायचा, ट्रायच्या आधी अक्वायर, फायनलीमध्ये रिलीज. आधी टॉमकॅटचे २०० थ्रेड नकळत बांधाचं काम करत होते. तो बांध गेला की सगळा लोंढा डेटाबेसच्या कनेक्शन पूलवर येतो. हिकारीसीपी या लायब्ररीचा पूल मुळात १० कनेक्शनचा असतो. प्रत्येक रिक्वेस्ट ५० मिलिसेकंद कनेक्शन धरत असेल तर सेकंदाला २०० ही कमाल झाली. बाकीच्या रांगेत उभ्या राहतात आणि ३० सेकंदांनी टाइमआउट होतात. पूल ५०० करणं हा उपाय नव्हे, पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादाच १०० कनेक्शनची आहे.

आता जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या विकास-संचाच्या, आवृत्तीबद्दल. जेडीके २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या (जावाच्या अंगभूत लॉकच्या) आत व्हर्च्युअल थ्रेड थांबला तर तो कॅरियरला चिकटून राहतो, यालाच पिनिंग म्हणतात. चार कोअरच्या मशीनवर असे चार थ्रेड अडकले की अख्खी सेवा गप्प होते: सीपीयू शून्याजवळ, लॉगमध्ये एरर नाही, हेल्थ चेकला उत्तर नाही. आपल्या कोडमध्ये त्याऐवजी रीएंट्रंटलॉक हा दुसरा लॉक घालता येतो, पण जुन्या जेडीबीसी ड्रायव्हरचं (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचं) काय करणार? कॉन्करंटहॅशमॅप या जावाच्या सामायिक कोशाच्या कॉम्प्युट-इफ-अॅब्सेंटमध्ये (नसलेली नोंद तयार करणाऱ्या मेथडमध्ये) नेटवर्क कॉल केला तरी हेच घडतं. मार्च २०२५ च्या जेडीके २४ ने हे दुखणं काढलं. नेटिव्ह (जावाबाहेरच्या, सी वगैरेतल्या) कोडमधून परत जावात येऊन थांबल्यास पिनिंग अजून होतं, पण ते क्वचित. म्हणून नवं काम दीर्घकाळ सपोर्ट असलेल्या २५ वरच सुरू करावं. २१ वर अडकून पडला असाल तर फ्लाइट रेकॉर्डर या जावाच्या नोंदणी साधनातला व्हर्च्युअल-थ्रेड-पिन्ड इव्हेंट बघा. तो मुळात २० मिलिसेकंदांहून लांबलेलं पिनिंग नोंदवतो.

तपासाची साधनं मात्र कमी पडतात. थ्रेडची स्थिती दाखवणारं जेस्टॅक हे साधन व्हर्च्युअल थ्रेडची यादी देत नाही. जेसीएमडी या दुसऱ्या साधनाची थ्रेड.डम्प-टू-फाइल ही आज्ञा वापरावी लागते, आणि २१ मधल्या त्या फाइलीत लॉक कोणी धरून ठेवलाय ते दिसत नाही. थ्रेडला नावही मुळात रिकामं असतं. थ्रेड तयार करणाऱ्या बिल्डरमधून नाव आणि क्रमांक दिला नाही तर लॉग वाचणं म्हणजे शिक्षा.

थ्रेडलोकल (प्रत्येक थ्रेडची स्वतःची साठवण) चालतं, पण सिंपलडेटफॉरमॅट या तारीख मांडणाऱ्या वस्तूसारखी महागडी वस्तू त्यात साठवण्याची युक्ती इथे उलटते. थ्रेड एकाच कामापुरता असल्याने ती वस्तू पुन्हा कधी वापरलीच जात नाही. त्याऐवजी सगळ्या थ्रेडना एकच पुरणारा डेटटाइमफॉरमॅटर घ्यावा. रिक्वेस्टसोबत माहिती पुढे न्यायची असेल तर स्कोप्ड व्हॅल्यू (ठरावीक कामापुरती वाचता येणारी मूल्यं) २५ मध्ये पक्क्या झाल्या आहेत. स्ट्रक्चर्ड कॉन्करन्सी (संबंधित कामांचा एकत्र गट सांभाळण्याची सोय) मात्र त्याच आवृत्तीत अजून प्रीव्ह्यू, म्हणजे चाचणीच्या टप्प्यात आहे. तिची एपीआय दर वेळी थोडी हलते, तेव्हा ती प्रॉडक्शनमध्ये सध्या नको.