स्ट्राटा : सपाट जग चालवायचं म्हणजे काय काय करावं लागतं

टेरी प्रॅचेट यांच्या ‘स्ट्राटा’ (१९८१) या विनोदी विज्ञान कादंबरीत एक बलाढ्य कंपनी माणसांना राहायला नवे ग्रह बांधून देते. जमीन आणि समुद्र तयार करून तिचं काम संपत नाही. ग्रहाला भूतकाळही लागतो. म्हणून यंत्रं खडकांचे थर एकावर एक रचतात, मधे कोळसा घालतात आणि जीवाश्म पेरतात. शिकाऊ कामगारांना यात खोड्या सुचतात, मग एखाद्या थरात अणुचाचण्यांविरुद्ध फलक धरलेला प्राचीन सागरी सरडा सापडतो. नायिका किन अराड ही या कंपनीतली वरिष्ठ अधिकारी. वय दोनशेच्या पुढे, कारण कंपनी पगारात आयुष्याचे दिवसच देते.

हा विनोद नाशिककरांना इतरांपेक्षा जास्त कळावा. ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज यांच्या अंगावरच्या पायऱ्या म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. खालचा थर निवून, उघडा पडून, झिजून त्याची माती होण्याइतका काळ गेला आणि मग वरचा लाव्हा आला, असा त्याचा अर्थ. पुढे गोदावरीने आणलेल्या गोट्या-वाळूच्या थरांत, गंगापूरजवळ, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांना अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली. असा डोंगर खोटा बनवायचा तर नुसता काळा दगड रचून चालणार नाही. लाल पट्टाही घालावा लागेल, त्याची जाडी जागोजागी बदलावी लागेल, आणि हत्यारं कोळशाच्या थरात जाऊ नयेत याची काळजी घ्यावी लागेल. प्रॅचेट यांनी ही सगळी नोकरी कल्पून तिच्यातली कंटाळलेली माणसंही उभी केली आहेत. पुस्तकाचा पहिला भाग मला सर्वांत आवडतो तो त्यामुळे.

मग किनला एका सपाट जगाचा सुगावा लागतो. ते कुणी बांधलं हे कंपनीलाही माहीत नाही. तिच्यासोबत दोघे निघतात: चार हातांचा, सतत संशयी, तरीही कायद्याने माणूस ठरलेला कुंग जातीचा मार्को, आणि अस्वलासारखी अवाढव्य, भाषांची जाणकार शँड जातीची सिल्व्हर. यान निकामी होतं आणि तिघं कमरेला बांधलेल्या उडत्या पट्ट्यांच्या आधाराने त्या सपाट जगावर, म्हणजे तबकडीवर, उतरतात. खाली मध्ययुगीन युरोपसारखा नकाशा, पश्चिमेकडे निघालेले नॉर्स (उत्तर युरोपातले) खलाशी, उडते गालिचे, राक्षस. यातली जादू मंत्रांनी होत नाही, सगळी यंत्रांची करामत असते. आणि ती यंत्रं आता थकत चालली आहेत. कादंबरीचा कणा हाच आहे. जग सपाट असलं तर गंमत आहे खरी, पण ते रोज चालू ठेवायचा खर्च कोण सोसणार?

इथे थोडं गणित करून पाहिलं की लेखकाची निवड किती पक्की आहे ते कळतं. पृथ्वीच्या सरासरी घनतेची, खूप रुंद तबकडी घेतली, तर तिच्यावर आपलं नेहमीचं वजन भरायला तिची जाडी सुमारे ४,२०० किलोमीटर हवी. पातळ तबकडी हवी असेल तर गुरुत्वाकर्षण कृत्रिमच पुरवावं लागतं. शिवाय नैसर्गिक ओढ मध्याकडे असते. कडेजवळ ती तिरकी होते, सपाट जमीनही चढ वाटू लागते, आणि समुद्र कडेवरून न सांडता मध्यात गोळा होतो. म्हणजे या कादंबरीत कडेवरून कोसळणारा जो भव्य समुद्र आहे, तो कृत्रिम ओढीशिवाय शक्य नाही. ती ओढ दिली, की पडलेलं पाणी परत वर आणण्याची सोय आलीच. ती बंद पडली तर समुद्र आटणार. डोंगरांचं तेच. जमिनीखाली सरकणारी भूपट्टं नाहीत, म्हणजे झिजलेला डोंगर पुन्हा उचलला जाणार नाही. कुणीतरी माती वर नेऊन टाकायला हवी.

क्षितिजाचाही विचार करा. गोल पृथ्वीवर १,५६७ मीटर उंच साल्हेर किल्ल्याच्या माथ्यावरून क्षितिज साधारण १४० किलोमीटरवर असतं. सपाट जगात नजर फक्त धुरकटपणाने अडते. नाशिक आणि कोलकाता यांच्या सूर्योदयात जो जवळपास तासाचा फरक पडतो, तोही सपाट जगात उरत नाही. ‘सिद्धान्तशिरोमणी’ या खगोल-गणिताच्या ग्रंथात (११५०) भास्कराचार्यांनी हाच मुद्दा उलट बाजूने मांडला होता: पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर दूर गेलेला सूर्य आपल्याला दिसेनासा का होतो? त्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या शेजारी चाळीसगावजवळ, पाटणला आहे. कादंबरी वाचताना तो प्रश्न मनात ठेवावा, मजा दुप्पट होते.

उणिवाही आहेत. मधला भाग लांबतो: उतरणं, पकडलं जाणं, सुटणं, पुढच्या प्रदेशात जाणं, असा तोच क्रम फिरत राहतो. सिल्व्हरच्या अन्नाची अडचण हा उत्तम धागा आहे. तिला पुरेसं खायला देणारं यंत्र बिघडलं तर सोबत्यांना तिचीच भीती, यात ताण भरपूर आहे, पण लेखक त्याला हवा तितका वेळ देत नाहीत. शेवटी मोठी कल्पना फार थोड्या पानांत उरकते. तबकडीवरची माणसं बहुतेक प्रसंगापुरती येतात आणि जातात, याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण ज्यांचं जग मोडकळीला आलंय तीच ही माणसं.

वाचण्याआधी शक्य असेल तर लॅरी निव्हन यांची ‘रिंगवर्ल्ड’ (१९७०) वाचा. दोनशे वर्षांचा माणूस, सोबत परग्रहवासी, अनोळखी महाबांधकामावर आदळणं, हा साचा तिथला आहे आणि प्रॅचेट त्याची उघड नक्कल करून खेळतात. ती वाचली नसेल तरी गोष्ट कळते, फक्त काही चिमटे निसटतात. नावांमधल्या लहान चुकांवर मात्र लक्ष ठेवा. रोमऐवजी रीम असं काही दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका, शेवटाकडे त्याचा उपयोग आहे.

इंग्रजी साधी आहे, पण विनोद बोलण्याच्या ढंगात दडलेला असतो. म्हणून दहावीच्या पुढच्या मुलांना द्यावी. नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला इथे विज्ञान समजावून सांगणारं पात्र मिळणार नाही, ते प्रसंगातून स्वतः काढावं लागतं. आणि लेखकाची १९८३ पासूनची डिस्कवर्ल्ड मालिका आधी वाचली असेल, तर तेच जग इथे शोधू नका. तिथली तबकडी कासवावर उभ्या हत्तींच्या पाठीवर असते आणि जादूने चालते. इथली यंत्रांवर चालते, आणि तिला दुरुस्तीची गरज आहे.