४०० रुपयांत १९५२ची निवडणूक

रविवारी सकाळी साडेसातला दादर पूर्वेला, स्वामीनारायण मंदिरासमोर जमायचं होतं. गाईड आला आठला. तिथेच अर्धा मार्क कापला.

मी शाळेत शिक्षिका होते, सात निवडणुकांना ड्यूटी केली आहे. त्यामुळे बाबासाहेब आंबेडकर १९५२ला जिथे पडले, त्या ‘मुंबई शहर उत्तर’ या केव्हाच मोडीत निघालेल्या लोकसभा मतदारसंघाची पायी फेरी आहे म्हटल्यावर लेकीने परस्पर माझं नाव घातलं.

हिंदू कॉलनीत बाबासाहेबांच्या राजगृहासमोर हा गाईड पोरगा घडाघडा मतांचे आकडे बोलला: राखीव जागा जिंकलेले काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६. माइक खरखरत होता, मागच्यांना निम्मं ऐकूच गेलं नाही. पण पुढे फाइव्ह गार्डनमध्ये त्याने जे केलं, त्यासाठी ४०० रुपये वसूल.

बाकावर चपलांची चार खोकी मांडली. दोनांवर काँग्रेसची बैलजोडी, एकावर बाबासाहेबांचा हत्ती, एकावर समाजवाद्यांचं वडाचं झाड. तेव्हा शिक्का मारायची भानगड नव्हती, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, चिठ्ठी नुसती आत टाकायची. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव, म्हणून प्रत्येकाला दोन मतं. आम्ही अकरा जण, बावीस चिठ्ठ्या. कॉलेजातल्या एका मुलाने दोन्ही हत्तीच्या खोक्यात टाकल्या.

“एक बाद,” गाईड म्हणाला. “दोन्ही मतं एकालाच देता येत नव्हती.”

मुलाचा चेहरा पडला. १९५२ला ७४ हजारांवर मतं बाद झाली होती. मतं कुजवायचा, म्हणजे दुसरं मत मुद्दाम वाया घालवायचा, प्रचार झाला अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि समाजवादी अशोक मेहता दोघेही न्यायाधिकरणाकडे गेले, ती फेटाळली गेली. मेहतांना तर काजरोळकरांपेक्षा जास्त मतं होती, तरी ते पडले, कारण सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे विठ्ठल गांधी त्यांच्याही पुढे होते. वर्गात हे समजावायला मला फळा भरून लागला असता. इथे खोक्यांवर पाच मिनिटांत झालं.

तक्रार एकच, पण मोठी. फेरी पराभवावरच संपते. १९५७ला नावं बदलली, ‘मुंबई शहर मध्य’ आला, तोही दोन जागांचाच. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत तिथून कॉम्रेड डांगे निवडून आले आणि त्यांच्या जोडीला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गो. का. माने. म्हणजे बाबासाहेबांचाच पक्ष. ते बघायला बाबासाहेब नव्हते, डिसेंबर ५६ मध्येच गेले. हे न सांगता लोकांना घरी कसं पाठवतोस रे बाबा?

वयस्कांनी बूट घालून यावं, मध्ये टॉयलेट नाही. चहा फेरीत धरलेला नाही. पाचातले साडेतीन.

निघताना मान्यांचं सांगितलं, तर पोराने पेन काढून ते हत्तीच्या खोक्याच्या झाकणावर लिहून घेतलं.