केल्टिक बर्थडे बॉक्स: कार्डं एक नंबर, जन्मझाड मात्र नको

भाचीचा बड्डे ३१ ऑक्टोबरला असतो म्हणून तिच्यासाठी हा बॉक्स मागवला. दादरचा एक छोटा सेलर आहे, इन्स्टावर ऑर्डर घेतो, जन्मतारीख दिली की त्या तारखेच्या जवळचा जुना केल्टिक (आयर्लंड-स्कॉटलंडकडचा) सण आणि तुमचं 'जन्मझाड' असं सगळं छापून देतो. साडेबाराशे रुपये, घरपोच.

कार्डं खरंच सुंदर आहेत. चार मोठ्या सणांची चार, म्हणजे १ नोव्हेंबरचा सॉविन (हॅलोवीनचं मूळ), १ फेब्रुवारीचा इम्बोल्क, १ मेचा बेल्टेन आणि १ ऑगस्टचा लूनासा. सॉविनच्या कार्डावर भोपळा नाहीये, सलगम कोरून केलेला कंदील आहे, वाकड्या दातांचा, बघून जरा दचकायलाच होतं, आणि आयर्लंडमध्ये आधी सलगमच कोरायचे, भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला, म्हणजे चित्र काढणाऱ्याने अभ्यास केलाय. इम्बोल्कच्या कार्डावर लव्हाळ्याच्या काड्यांचा, आयर्लंडच्या संत ब्रिजिडचा क्रॉस, मधल्या चौकोनाभोवती काड्या कशा दुमडायच्या तेही दाखवलंय. बेल्टेनवर दोन जाळांच्या मधून गुरं नेतायत, रोगराई लागू नये म्हणून. ते बघून आई लगेच म्हणाली, अगं आपल्या मुरबाडकडे पाडव्याला बैल विस्तवावरून उडवतात तसंच की हे!

पण जन्मझाड! भाचीचं झाड म्हणून रीड आलं, म्हणजे पाणथळ जागेतलं उंच गवत, झाड नाहीच, आणि खाली लिहिलंय हजारो वर्षांपूर्वीचं ड्रुइडांचं (म्हणजे केल्टिक पुरोहितांचं) ज्योतिष. हे साफ चूक आहे. १३ झाडांचे १३ महिने ही मांडणी रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीची, १९४८ च्या 'द व्हाइट गॉडेस' पुस्तकातली, ओघम या जुन्या आयरिश लिपीच्या अक्षरांना झाडांची नावं जोडलेली आहेत त्यावरून त्याने ती बसवली, आणि स्वभाव-भविष्य तर लोकांनी त्याच्याही नंतर चिकटवलं.

वाईट याचं वाटतं की खऱ्या गोष्टी कितीतरी भारी आहेत. रोमन सेनापती ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय की गॉल लोक, म्हणजे आताच्या फ्रान्सकडचे केल्ट, वाढदिवस धरताना आधी रात्र आणि मग दिवस मोजतात, म्हणजे ३१ ला रात्री आठला जन्मलेली आमची पोर त्या हिशोबाने थेट सॉविनचीच झाली, आणि स्कॉटलंडमध्ये मानायचे की त्या रात्री जन्मलेल्याला भुतंखेतं दिसतात. हे छापलं असतं तर पोरगी वर्गभर सांगत फिरली असती! शिवाय १८९७ मध्ये फ्रान्समधल्या कोलिनीला ब्राँझच्या पत्र्यावरचं पंचांग सापडलं, त्यात पाच वर्षांत दोन अधिक महिने आहेत, आपल्याकडे असतो तसाच अधिक महिना. मराठी घरात यावर तासभर गप्पा होतील, आणि बॉक्समध्ये याची एक ओळ नाही.

पॅकिंग चांगलं, कागद जाड, रंग फिके नाहीत. मैत्रिणीच्या मुलासाठी परत ऑर्डर केली तेव्हा सेलरला सांगितलं की झाड काढा आणि लूनासाची गोष्ट वाढवा, लू या देवाने आपल्या पालक-आईच्या, टॅल्टूच्या, आठवणीत खेळ भरवले ती, तर त्यांनी तेवढ्याच पैशात करून दिलं. तुम्हीपण ऑर्डर करतानाच सांगा.