शरदातल्या स्टीलहेडसाठी : ग्रीन बट स्कंक की इंट्रूडर?

सप्टेंबर संपता संपता अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या डेशूट्स नदीवर स्टीलहेडसाठी, म्हणजे समुद्रात वाढून नदीत परतणाऱ्या ट्राउटसाठी, निघणाऱ्या माणसापुढे दोन डब्या असतात. एकीत पांढऱ्या केसांच्या पंखाच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, जुन्या वळणाच्या फ्लाय, म्हणजे केस-पिसे बांधून केलेली आमिषे, असतात. दुसरीत शहामृगाच्या पिसांच्या, पाण्यात श्वास घेत असल्यासारख्या फुलणाऱ्या आणि डोळ्यांच्या जागी धातूचे मणी असलेल्या मोठ्या फ्लाय असतात. पहिल्या डबीची प्रतिनिधी म्हणून मी ग्रीन बट स्कंक घेतो आणि दुसरीची इंट्रूडर. ट्राउटवर ज्यांचा हात बसलेला आहे, दोन हातांची काठी ज्यांना बऱ्यापैकी फेकता येते आणि आता पहिल्या शरदासाठी कशावर भर द्यावा या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. दोन्ही फ्लाय मी स्वतः बांधून वापरल्या आहेत. माझा अनुभव सहा हंगामांचा आहे आणि त्यातही 2021 चा हंगाम वजा करावा लागेल, कारण त्या वर्षी समुद्रातून इतके कमी मासे परतले की शरदात स्टीलहेडची मासेमारी बंदच ठेवण्यात आली होती.

या नदीबाबत एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. डेशूट्सचे स्टीलहेड उन्हाळ्यात समुद्राकडून नदीत शिरतात आणि पाणी फार गार होण्याआधी तळ सोडून वरच्या फ्लायकडे झेपावण्याची त्यांची तयारी असते. ही त्यांची ख्याती आहे, आणि तरंगत्या दोरीवर लहान फ्लाय टाकण्याची इथली जुनी रीत तिच्यावरच उभी आहे. इंट्रूडरची जन्मकथा वेगळी आहे. 1990 च्या दशकात एड वॉर्ड, जेरी फ्रेंच आणि स्कॉट हॉवेल यांनी तिला जे रूप दिले, त्यामागे मोठ्या, गार, गढूळ पाण्यात खोल बसलेल्या माशाला डिवचण्याचा हेतू होता. त्यामुळे ही तुलना खरे तर दोन फ्लायची जितकी आहे, तितकीच दोन प्रकारच्या पाण्यांचीही आहे.

इंट्रूडरची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यावर माझ्याकडून अन्याय होण्याची शक्यता अधिक आहे. नदीकाठच्या मॉपिन गावाच्या खाली व्हाइट रिव्हर ही उपनदी डेशूट्सला मिळते. ती माउंट हूडच्या हिमनदीचे पाणी आणते, आणि उन्हाचा कडाका वाढला किंवा पहिला मोठा पाऊस पडला की त्यासोबत राखाडी गाळही आणते. अशा दिवशी संगमाच्या खालच्या भागात गुडघाभर पाण्यात उभे राहिले तरी स्वतःचे बूट दिसत नाहीत, आणि तिथे लहान काळी फ्लाय टाकणे म्हणजे अमावास्येच्या रात्री शेतात हरवलेली सुई शोधण्यासारखे होते. काळ्या-निळ्या इंट्रूडरने मला अशाच पाण्यात दोन मासे दिले आहेत. दुसरा मुद्दा गळाचा. इंट्रूडरची पिसे एका दांड्यावर बांधलेली असतात; तिचा गळ वेगळा, लहान असतो आणि दोरीच्या फासावर मागे मोकळा लोंबतो, त्यामुळे माशाने उसळी मारली तरी त्याला लांब दांड्याची तरफ मिळत नाही. माझ्या वहीत इंट्रूडरवर चार वेळा मासा लागल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी तीन हाताशी आले. स्कंकवर नऊ वेळा लागला आणि चारच आले. इतक्या थोड्या माशांवरून नियम काढू नये हे मला समजते, तरी हा फरक मी डोळ्यांआड करू शकत नाही.

स्कंकवरच्या पाच पराभवांपैकी दोन मात्र तिच्या माथी मारता येणार नाहीत. मालवणच्या खाडीत गरवताना गरीला टोचणी लागली की झटका द्यायचा, हे वळण माझ्या मनगटाला लहानपणीच लागले. स्टीलहेड लहान फ्लाय घेऊन वळतो तेव्हा त्याला हातातली ढिली दोरी जाऊ द्यावी लागते. मग गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. दोन्ही वेळा मी खाडीतला झटका दिला आणि दोन्ही वेळा फ्लाय अलगद माझ्याकडे परत आली.

आता ज्या त्रासाने माझा निर्णय केला, त्याकडे येतो. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या मध्यास मी मॉपिनच्या वरच्या अंगाला होतो. दरीच्या कड्यांमुळे तिथे सूर्य पाण्यावरून लवकर उतरतो आणि त्यानंतरचा तास-दीड तास हाच खरा कमाईचा असतो, कारण डोळ्यांवर ऊन नसलेला मासा वर यायला कचरत नाही. इंट्रूडर लावून मी वरून खाली, दर फेकीनंतर दोन पावले सरकत, चाळीस मिनिटे तो सारा प्रवाह विंचरला. शेवटी दोरी गुंडाळून फ्लाय हातात घेतली, तेव्हा मागचा लोंबता गळ फासासकट पुढे येऊन दांड्याला वेढा घालून बसला होता आणि पिसांचा बोळा झाला होता. अशी फ्लाय पाण्यात पोहत नाही, ती मोडक्या पंख्यासारखी गरगरते, आणि तिच्या मागे कोणताही शहाणा मासा येत नाही. गुंता पहिल्या फेकीला झाला की शेवटच्या, हे कळायला काहीही मार्ग नव्हता. मासाच नव्हता की माझी फ्लाय निकामी होती, हा प्रश्न मी गाडीपर्यंत, आणि खरे सांगायचे तर हिल्सबरोला घरी पोहोचेपर्यंत, चघळत राहिलो.

यावर उपाय नाहीत असे नाही. फासासाठी ताठ तार वापरता येते, फास आखूड ठेवता येतो, गळ आणि दांडा यांच्यामध्ये लवचिक नळीचा तुकडा बसवता येतो. मी तिन्ही करून पाहिले. गुंता कमी झाला, पण बंद झाला नाही. त्यात दोष माझ्या बांधणीचाही असेल, कारण त्या फ्लाय मीच बांधल्या होत्या आणि माझ्याहून कुशल हातांना हा त्रास कदाचित निम्माही होत नसेल. उरला मार्ग दर तीन-चार फेकींनंतर फ्लाय जवळ ओढून पाहण्याचा. खालच्या डेशूट्सवर नावेत बसून गळ टाकायला परवानगी नाही, उतरूनच मासेमारी करावी लागते. तेव्हा मांडीभर पाण्यात, शेवाळलेल्या दगडांवर पाय रोवून, तोंडात दिवा धरून पिसे विंचरत बसायचे आणि तेवढ्यात अंधार पडायचा. स्कंकला लोंबते काही नाही. तिचा पंख गळाच्या दांड्यावरच बांधलेला असतो, आणि शंभराव्या फेकीला ती पहिल्या फेकीइतकीच सरळ पोहते. फ्लाय नीट आहे याची खात्री असलेला माणूस स्विंगच्या, म्हणजे फ्लाय प्रवाहातून आडवी फिरत काठाकडे येण्याच्या, शेवटापर्यंत धीर धरतो; मला वाटते, स्कंकवर नऊ वेळा आणि इंट्रूडरवर चारच वेळा मासा लागला, यामागे फ्लायच्या गुणांइतकाच हा धीरही असावा.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. इंट्रूडर बांधायला मला अर्धा तास लागतो आणि तळातले दगड दिवसाला एखादी तरी ठेवून घेतात. स्कंक दहा मिनिटांत होते आणि क्वचितच अडकते. मण्यांच्या डोळ्यांची ओली इंट्रूडर वारा फिरला की कानामागे येऊन आदळते, याचा दाखला माझ्या टोपीला आहे. रंगाबाबत जांभळ्याचे चाहते पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

मडलरचा उल्लेख मात्र राहू नये. डॉन गेपेन यांनी 1930 च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर तळाशी राहणाऱ्या छोट्या माशाची नक्कल म्हणून बांधलेली ही फ्लाय इथे उलट पाण्याच्या पृष्ठभागावर रेघ ओढत आणली जाते. नारिंगी पोटाचे मोठे कॅडिस कीटक ऑक्टोबरात काठच्या झुडपांवर दिसू लागले की नारिंगी अंगाची मडलर लावण्याचा मोह मलाही होतो. स्कंकमागे पाण्यात भोवरा उठला, पण ओढ लागली नाही, तर क्षणभर थांबून त्याच जागी मी मडलर पाठवतो. एकदा जमले आहे.

तेव्हा पहिल्या शरदासाठी मी पाच आणि सात नंबरच्या गळांवर मिळून आठ स्कंक आणि दोन मडलर बांधीन किंवा विकत घेईन, आणि तरंगत्या दोरीवरच हंगामाचा बहुतेक काळ काढीन. इंट्रूडर दोन पुरेत, त्याही काळ्या-निळ्याच. व्हाइट रिव्हर गढूळ झाल्याची बातमी असेल किंवा नोव्हेंबरात पाणी सात अंश सेल्सियसच्या खाली गेले असेल, तरच बुडत्या टोकाच्या दोरीसह त्या बाहेर काढाव्यात. दोहोंच्या गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे घरीच पक्कडीने दाबून आणावेत, कारण इथला वन्य स्टीलहेड सोडावाच लागतो, आणि पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर कापलेला (म्हणजे मासा पैदास केंद्रातला) आहे की नाही हे मासा पाण्यातच ठेवून पाहायचे असते.